भट्टीची सुट्टी

२१ सप्टेंबर १९९८
घट बसले. आणि आजच मिलमध्ये नोटीस — दसऱ्याला भट्टी चालू राहील!
अकरा वर्षं या भट्टीत कोळसा टाकतोय. लोखंड तापतं, सळया निघतात, सगळं तिच्या जिवावर. दसऱ्याला ती विझवायची, राख काढायची, तोंडाशी नारळ फोडायचा. जुने शेठ स्वतः अनवाणी यायचे. आता मुलगा शेठ. तो मुंबईहून फोन करतो.

२३ सप्टेंबर
मॅनेजरकडे गेलो. म्हणतो, थंड झाली की आतल्या विटा तडकतात. अकरा वर्षं तडकल्या नाहीत, याच वर्षी तडकणार! सणाला आपण बैलालासुद्धा जोखडाखाली घालत नाही.

२४ सप्टेंबर
अर्ज लिहिला. भट्टी पेटती असली तर दसऱ्याला कोणी आत पाऊल टाकणार नाही. चाळीस जणांच्या सह्या. पहिली माझी. माझ्याच पाळीतला जयराम सही करता करता म्हणाला, “तात्या, भट्टी सुट्टीवर गेली तर आमची चूल काय देवी पेटवनार?”
सगळे हसले. मी नाही. देवीची चेष्टा मला खपत नाही.

२६ सप्टेंबर
उत्तर नाही. जेवण गेलं नाही.

२८ सप्टेंबर
मिळाली! मॅनेजरने खुर्ची दिली, चहा मागवला. एक दिवस कशाला, तीसपासून पाच दिवस घ्या म्हणाला. शेठची इच्छा आहे म्हणे, सण आरामात करा. धरून बसलं की नमतात हे लोक. आठ दिवस मग आमचा जीव का खाल्ला?

१ ऑक्टोबर
दसरा. फावडी, सांडश्या धुऊन मांडल्या. झेंडू वाहिला. नारळ मी फोडला. भट्टीत वाकून पाहिलं — एक वीट तडकलेली नाही! खोटारडा. दाखवलं असतं, पण तो आलाच नाही. शेठही नाही. कोळशाचं आवार मात्र अगदी झाडून लख्ख. पूजेसाठी तेवढं तरी केलं.

५ ऑक्टोबर
गेटला कुलूप. मिल कायमची बंद, असा कागद. रखवालदार सांगतो, शनिवारीच यंत्रं ट्रकमध्ये घालून नेली.
चाळीस माणसं रस्त्यावर उभी. कोणी माझ्याकडे बघेना. शेवटी जयराम जवळ आला. हळूच म्हणाला, “तात्या, तुमी देवीकडं एकच दिस मागितला. तिनं सगळेच दिले.”
आज कोणी हसलं नाही. मलाही त्याचा राग आला नाही.