विशेषणं नकोत, तारीख लिही

इलोइलो, १४ ऑगस्ट

तीर्थरूप तिया पासिंग यांस,
जोवेलिनचा, तुमचा हात कपाळाला लावून, नमस्कार.

फोन न करता पत्र आलं म्हणून घाबरू नका. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन ओरडावं लागतं. तुम्हाला कमी ऐकू येतं, म्हणून तुम्ही तिकडून त्याहून मोठ्यानं ओरडता, आणि माझे मार्क अख्ख्या बेटाला पाठ होतात. आजची गोष्ट बेटाला कळायला नको. तुमच्या धाकट्या बहिणीला, माझ्या आईला, नानायला, तर मुळीच नको. म्हणून हे पाकीट नोय बेर्तिंगच्या होडीतून पाठवतेय.

माझा प्रबंध खेकड्यांवर आहे, पण सहा महिन्यांत मी एकदाही समुद्रावर गेलेले नाही. एस्कांडोर सरांच्या बोटीवर फक्त मुलगे जातात. मुली बोटीत ओकतात नाहीतर रडतात, असं सर भर वर्गात हसत सांगतात. हे मला, जिला चालायच्या आधी वल्हं धरता आलं! आम्ही मुली मागे राहून बाटल्या धुतो. मी हट्ट धरला, तेव्हा ते म्हणाले की एवढी हौस असेल तर रविवारी एकटी किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रावर ये, तुला वेगळं नेतो.

मी गेले, तिया. तिथे बोट नव्हतीच. सर माझ्याशी नीट वागले नाहीत, एवढंच समजा. पुढचं लिहवत नाही. मी पळत सुटले आणि रस्त्यावर मिळेल त्या गाडीनं परत आले. तेव्हापासून ते माझ्या कामावर सही करत नाहीत. आणि नानाय तर त्यांना संतांच्या रांगेत बसवते, कारण माझी शिष्यवृत्ती त्यांच्याच शिफारशीनं मिळाली. मी गेलेच कशाला, हे रोज वाटतं.

तुमची माया आहेच. हे वाचल्यावरही तेवढीच राहू द्या.
जोवेलिन


बेटावरून, १९ ऑगस्ट

चि. इंदाय जोवेलिन हिस तिया पासिंगचे आशीर्वाद आणि दोन्ही गालांचे पापे.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना भात करपला, तोच खाल्ला. पोरी, तू गेलीस म्हणून हे झालं नाही. त्यानं केलं म्हणून झालं. हे पाठ कर, मग पुढचं वाच.

मी अठ्ठावीस वर्षं पोलीस चौकीत तक्रारींची वही लिहिली. बायका येत आणि म्हणत की तो नीट वागला नाही. साहेब विचारत, नीट नाही म्हणजे कसं? बाई गप्प बसे. साहेब वही मिटत. मीही त्यांना ती कितीदा मिटू दिली, त्याची मला आज लाज वाटते. म्हणून ते ‘नीट वागले नाहीत’ खोडून टाक. तारीख लिही. किती वाजले होते, दार उघडं होतं की बंद, हात कुठे होता, तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिही. रडू आलं तर खुशाल रड, पण पेन खाली ठेवू नकोस. अर्जात विशेषण एकही नको. ती सगळी मला वेगळ्या पत्रात लिहून पाठव, मी त्यात माझ्या पदरची चार घालीन.

अशा तक्रारींसाठी विद्यापीठात समिती असावीच लागते, तसा कायदा आहे. तीन प्रती कर आणि एकीवर पोच घे. बोटीचंही त्याच अर्जात लिही. कुणी म्हणेल ती गोष्ट निराळी. निराळी कशी? तुला बोटीपासून दूर ठेवलं, म्हणूनच तर त्याला तुला एकटीला बोलावता आलं.

नानायचं माझ्यावर सोड. जेवत जा. मागच्या वेळी आलीस तेव्हा तुझी हनुवटी माझ्या खांद्याला टोचली.
तुझीच, कटकटी पण मायाळू,
पासिंग


इलोइलो, ३ ऑक्टोबर

तीर्थरूप तियांस नमस्कार.

अर्ज दिला. त्यात लिहिलं: दुपारचे दोन, सरांनी दाराला आतून कडी घातली, उजवा हात माझ्या कमरेवर ठेवला, मी तो काढला, त्यांनी पुन्हा ठेवला आणि म्हणाले की रात्री इथे राहिलीस तर प्रबंध मीच लिहून देतो. एवढं लिहायला मला दोन दिवस लागले. समितीच्या श्रीमती तुपास यांनी वाचून चष्मा पुसला आणि म्हणाल्या की मला काहीच विचारावं लागलं नाही. ही शाबासकी तुमची.

आता वाईट बातम्या. वर्गातले मुलगे मी आले की उठून जातात. एकानं जिन्यात ऐकवलं की मार्क कमी पडले की पोरींना असलं सगळं आठवतं. पण क्रिसेल नावाची एक मुलगी, जी गेल्या वर्षी अर्ध्यातच शिक्षण सोडून घरी गेली होती, ती बसनं सात तास प्रवास करून मला शोधत आली. तेच केंद्र, तीच कडी, प्रबंध लिहून देण्याचं तेच वाक्य. तिनंही अर्ज दिला. आम्ही दोघींनी एकाच वाडग्यात शेवयांचं बाचोय खाल्लं आणि कारण नसताना हसत सुटलो.

सर बेटावर येऊन नानायला भेटले, हे तुम्हाला कळलं असेलच. तिच्यापुढे रडले म्हणे. नानायनं फोन करून सांगितलं की अर्ज मागे घे, सरांची माफी माग, तुझा बाप, ताताय, गेल्यावर आपल्याला कुणी हात दिला ते विसरू नकोस. मी तिचा फोन ठेवून दिला, तिया. आयुष्यात पहिल्यांदा.

सुनावणी २१ नोव्हेंबरला आहे. सोबत घरचं एक माणूस चालतं. कुणाला बोलावू, हे विचारायची गरज आहे का?
येताना रागावून या, पण माझ्यावर नको.
जोवेलिन


इलोइलो, २२ नोव्हेंबर

चि. एडिथा हिस, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून लिहिते. काल तुझ्या लेकीची सुनावणी झाली.

त्याच्या वकिलानं मला तीनदा बाहेर जायला सांगितलं. मी तिन्ही वेळा कानामागे हात धरला आणि बसून राहिले. चौथ्यांदा श्रीमती तुपास यांनीच त्याला सांगितलं की नियमानं बाईंना बसता येतं. मग त्यानं जोवेलिनला विचारलं, एकटी का गेलीस? ती म्हणाली, खेकडे बघायला. एवढंच म्हणाली. त्या खोलीत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. समितीच्या अध्यक्षबाईंनी एस्कांडोरला विचारलं की सहा वर्षांत किती मुली बोटीवर नेल्या. तो म्हणाला, कुणाला यायचंच नव्हतं. तेव्हा तुझ्या पोरीनं पिशवीतून अकरा मुलींचे बोटीसाठीचे नाकारलेले अर्ज काढून टेबलावर ठेवले. क्रिसेल बोलली तेव्हा तर तो माणूस खिडकीबाहेर बघत बसला.

बाहेर आल्यावर जोवेलिन रडली. मला वाटलं, सुटल्यासारखं वाटलं असेल. तिनं विचारलं, नानायनं काही निरोप दिला का. मी म्हटलं, दिला. खोटं बोलले, एडिथा. काय निरोप दिलास ते अजून तिला सांगितलेलं नाही. ते तूच ठरव. तिच्या अर्जाची प्रत सोबत ठेवली आहे.
रुसवा ठेव, पण थोडा.
पासिंग


बेटावरून, १० फेब्रुवारी

चि. इंदाय जोवेलिन हिस नानायचे आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही. चुका पासिंगनं काढू नयेत म्हणून तिला न दाखवता पाठवतेय.

निकाल कळला. सरांना काढलं, मुलींची नावं बोटीच्या यादीत लागली, तुझं अर्धं वर्ष मात्र वाया गेलं. चर्चमध्ये सरांच्या नात्यातल्या बायका माझ्या बाकावरून उठून गेल्या. मी पाय पसरून बसले.

सर माझ्यापुढे रडले. फोनवर तू रडली नाहीस. म्हणून मी त्यांचं खरं मानलं. आईनं असं करू नये. मी केलं.

तुझा अर्ज इतके दिवस उघडला नव्हता. काल वाचला, बोट ठेवून, एकेक ओळ. त्यात त्याचं सगळं आहे. तुझं काहीच नाही. त्या दिवशी तू परत कशी आलीस, पायात चपला होत्या का, कुणी पाणी दिलं का, काही खाल्लंस का, झोप लागली का. हे मी तेव्हाच विचारायचं होतं. आता विचारते. लांबलचक लिही, हवं तेवढं. मी सावकाश वाचते, पण सगळं वाचीन.

तुझी,
नानाय