तीनदा ‘पुरे’

३ जुलै

ती. दादास,
धाकटीचा सा. न.

तुझ्या भाचीचे पुढचे दोन दात पडल्याचं निमित्त साधून तू डब्याच्या पिशवीवर लाल रेशमाने ‘खिंडारेश्वरी’ शिवून दिलंस. कलाकुसर अप्रतिम. वर्गाने त्याचं ‘खिंडार’ केलं. आता ती तोंडावर हात धरून बोलते आणि डबा तसाच परत आणते. पुढच्या भेटीत आणखी काय शिवणार आहेस?

लोभ असावा, विनोद आवरावा.
धाकटी

८ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, सोबत किंचित सहनशक्ती.

अभियोगपत्र पावले. दुकानातील दोन्ही शिलाईयंत्रे शोकार्थ स्तब्ध ठेवली. हास्यरस हा बालकांचा पौष्टिक आहार होय. सात वर्षांच्या विदुषीने दोन दातांच्या विरहात अन्नत्याग करावा, हे आपल्या निधड्या कुळास शोभत नाही. उवांपायी माझे मुंडण झाले, तेव्हा मलाही शाळेत ‘टकलू’ म्हणत. माझे काय झिजले?

लोभाची वीण उसवू नये.
दादा

१३ जुलै

ती. दादास,
सा. न.

‘टकलू’ म्हणणाऱ्याला तू कंपासपेटीने हाणलं होतंस. माफी मागायला आई गेली होती.

लेकीला मी समजावलं, की जिची थट्टा केली तीही हसली, तर ती थट्टा. ‘पुरे’ म्हटल्यावर समोरचा थांबला, तर थट्टा. नाहीतर छळ. तिने बोटांवर हिशोब केला आणि विचारलं, की पिशवी देताना चिडवणाऱ्या मामालाही मी तीनदा ‘पुरे’ म्हटलं होतं, मग मामा कुठल्या बाजूचा? याचं उत्तर तूच तिला कळव. पिशवी परत पाठवते आहे.

धाकटी

२० जुलै

महामहोपाध्याय भाचीबाईंस,
मामाचा नमस्कार. वयाने उलटा आहे, पण या खेपेस हीच रीत योग्य.

मी वाईट बाजूचा होतो. तुझे ‘पुरे’ तिन्ही वेळा ऐकू आले होते. घरचे हसत होते, म्हणून थांबलो नाही.

अक्षरे उसवली. शिवण्यापेक्षा तिप्पट वेळ लागला. सुईची भोके मात्र राहिली. ती मला बुजवता येत नाहीत. त्यांवर काय काढू? काहीच नको म्हणालीस, तर काहीच नाही.

तुझ्या आज्ञेतला,
मामा

२६ जुलै

मामास नमस्कार.

भोकांवर मगर काढ. तिला सगळे दात पाहिजेत.

मी वर्गात मोठ्याने ‘पुरे’ म्हटलं. दोघी थांबल्या. एक मुलगा नाही थांबला, त्याचं नाव बाईंना सांगितलं. आज डबा संपवला.

तू टकलू होतास, असं आईने सांगितलं. मी खूप हसले. तुला हसू नाही आलं तर ‘पुरे’ म्हण. मी एकदाच ऐकून थांबेन.