चांदणीच्या खुराची भेग

गडचांदूर, मंगळवार, दिवेलागण

आज चांदणी घोडीच्या पुढच्या डाव्या पायाची नाल आपोआप निघून पडली. ती मागायले एक ट्रकवाला लगेच आला, नजर लागू नाई म्हणून गाडीले बांधतो म्हणे. खुराच्या भेगेकडे कोणी पाह्यलं नाई. जुन्या खिळ्यापासूनच ती वर चढली आहे. बोट लावलं तर घोडीनं पाय ओढून घेतला.

मालक म्हणाले, "उद्या वरात हाय, सकाळीच नाल ठोकून घे."

म्हणजे खिळा परत त्या भेगेतच? आमच्या चामोर्शीकडे धानाच्या चिखलात बैलाच्या खुराले कोणी लोखंडी पत्री ठोकत नाई, तो काय लंगडते? पण इथी सिमेंटचा रस्ता आहे, बिननालेचा खूर घासते, हेही खरंच. मातीवर मात्र चांदणी आज सरळ चालली.

मी म्हणलं, "भाऊ, नाल राहू द्या. तिले कडेच्या मातीवरून नेतो."

"काऊन बे? बँड रस्त्यावर अन् नवरदेव झुडपात?"

ती भेग डोळ्यापुढून जात नाई. सकाळी नालबंदाकडून दुसऱ्या पुढच्या पायाचीही नाल काढून घेतो, दोन्ही पाय सारखे होतील. कामावरून काढलं तर काढलं. वरातीत नवरदेवाच्या हातात तलवार असते. लगाम माझ्या हातात असते.