अकरा माझे, एक तिचा

३ जून
पॅचिंग, म्हणजे सर्व्हरवर सॉफ्टवेअरची नवी दुरुस्ती लावणे, कसे करावे, हे साहेबांनी आज सगळ्यांसमोर नवीला विचारले. पार्सल कंपनीचे हे बारा सर्व्हर मी वर्षानुवर्षे सांभाळते. ती परवा आली. म्हणून लिहायला घेतले. खरे काय ते कुठेतरी नोंदलेले हवे. मत्सर वगैरे काही नाही.
मला ‘काकू’ म्हणते!

४ जून
ठरले. सर्व्हरवर नवा पॅच दोघींनी लावायचा. जिचे काम बिनबोभाट होईल, तिच्याकडे सर्व्हर-रूम. वाटणी मी केली, अगदी न्यायाने. अकरा माझे. तिला म्हातारा, म्हणजे खोकणाऱ्या पंख्याचा तो जुना सर्व्हर.
‘चालेल, काकू,’ म्हणाली. न चालून सांगते कुणाला?

५ जून, सकाळ
नवी म्हणाली, आधी एकावर लावून बघू या का? भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस. मी अकराही सर्व्हरवर एकदम लावला. चहा यायच्या आत काम फत्ते. ती अजून पॅचच्या सूचनाच वाचत होती. साहेबही तिच्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. माझ्या खुर्चीमागे कधी उभे राहिले नाहीत.
चहानंतर अकरांचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीच्या हुबेहूब प्रती, घेतले. बिघडलेच तर रोलबॅक करून सर्व्हर जसाच्या तसा परत आणता येतो. नवी घेते, मग मी का नको?

दुपार
पावत्या निघेनात. गोदामातून मुकादमाचा फोन: ‘बाई, गाड्या खोळंबल्यात, ड्रायव्हर माझ्या नावानं शंख करतायत!’ घाबरू नका म्हटले. रोलबॅक केला. सुरेख झाला. अकराही सर्व्हर स्नॅपशॉटमधल्यासारखे हुबेहूब.
पावत्या निघेनात.
पुन्हा केला. पुन्हा सुरेख.
नवीने हळूच विचारले, ‘काकू, स्नॅपशॉट पॅचच्या आधीचे ना?’ साहेबांसमोर विचारायचे काही अडले होते?

संध्याकाळ
सगळ्या पावत्या एकट्या म्हाताऱ्यावरून निघाल्या. त्याला पॅच लागलाच नव्हता! म्हणजे नवीने दिवसभर काहीच केले नाही. मी हे साहेबांच्या निदर्शनास आणले. साहेब हसले. तिच्याकडे बघून.
घरी यांना सांगितले. ‘मग तिनंच वाचवलं की तुला,’ म्हणाले. घरचा भेदी!

६ जून
रात्रीतून नवीने अकराही दुरुस्त केले. नव्याचे नऊ दिवस.

७ जून
नवीला सुपूर्द केले: सर्व्हर-रूमच्या दोन्ही किल्ल्या, पासवर्डचे बंद पाकीट, अकरा सर्व्हर, खिडकीजवळची खुर्ची.
माझ्याकडे: म्हातारा. नवीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.
तिने पोच लिहून दिली. अक्षरही माझ्याहून चांगले आहे.