ओल्या कागदाला टाके

प्रिय आई,

आठ दिवस लिहीन लिहीन म्हणतोय. वही घेतली, मग पेन चालतं का बघायला पानभर बोटी काढल्या. एका जागी बसणं माझ्या अंगातच नाही. फोनवर 'बरं चाललंय' एवढंच जमतं. तू खोदून विचारायला लागलीस की रेंज नाही म्हणून ठेवून देतो. रेंज असते.

दादाच्या छातीत कळ आली तेव्हा तो एका दुकानाची काच बसवत होता. काच आधी नीट भिंतीला टेकवली, मग खाली बसला. असा माणूस! मी नेमका त्याच दिवशी त्याच्याकडे टपकलेलो. संध्याकाळच्या बसनं पुढे जायचं होतं, बोटी रंगवायचं काम ठरलं होतं. (समुद्राच्या रंगाची बोट कुणी रंगवत नाही, का माहितीय? बुडाली तर दिसत नाही. असो.)

इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदयाच्या नळीत तार घालून बघू. आधी त्यांनी दादाचे हात उलटेपालटे करून पाहिले. एवढे काळेनिळे डाग कसले, म्हणाल्या. मी म्हटलं, काचवाला आहे हो, डाग नसते तर मालकानं काढून टाकलं असतं. दादा कण्हता कण्हता हसला. वडील? शिडीवरून पडून गेले. तेव्हा त्यांचं वय? छत्तीस. बाई थबकल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. अजून काही सांगायचंय का, असं ते बघणं होतं. मी घड्याळाकडे बघत होतो. बस साडेसहाची होती.

तार आत गेली आणि नळी आतून सोलवटत गेली. जाळी बसवली, तर चीर जाळीच्या पुढे पळाली. मग छाती उघडली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, ओल्या कागदाला टाके घालतोय जणू, दोरा ओढला की कापतंय.

नंतर बाईंनी मला समोर बसवलं. अंगातलं सगळं ज्या धाग्यांनी बांधलेलं असतं, ते काही घराण्यांत जन्मापासूनच कच्चे असतात म्हणे. पातळ कातडी, उगाच उठणारे डाग, तरुणपणी अचानक जाणं. आधी कळतं तर तार घातलीच नसती. गोळ्या, अंथरूण आणि वाट बघणं. अशी चीर कधी कधी आपसूक बुजते. माझंही रक्त घेतलंय. ते राहू दे.

मग त्यांनी विचारलं, वडील पडले म्हणून गेले, की गेले म्हणून पडले? मी तीन वर्षांचा होतो, मला काय ठाऊक. शिडी तू धरली होतीस. हात सुटला माझा, असं तू जन्मभर म्हणत आलीस. आई, बाबा वरच संपले असणार. बाई तसंच म्हणतात. तुझ्या हातात काही नव्हतं. माझ्या तोंडात होतं, दादाला लहानपणापासून डाग उगाच उठतात हे, आणि मी विनोद केला.

हे लिहितोय, कारण दादा काल दुपारी गेला. रात्री फोनवर मी 'झोपलाय' म्हणालो. तू येते म्हणालीस, तर गर्दी करू देत नाहीत असं सांगितलं. गावाकडे निघालेल्या टेम्पोवाल्याकडे ही चिठ्ठी देतो. तू वाचत असशील तेव्हा मी समोर नसेन, एवढंच मला हवं होतं.

तुझाच,
भिंगऱ्या

ता. क. खाली दवाखान्याच्या दारात टॅक्सी थांबलीय. तू उतरतेयस. दादाचे इस्त्रीचे कपडे छातीशी धरून रखवालदाराला जिना विचारतेयस, आणि काहीतरी सांगून त्याला हसवतेयस.