हिरव्या झाकणाची बाटली

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

जेवण जात नाहीये. फुलं पिकवणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांच्या फेसबुक ग्रुपची अ‍ॅडमिन मी. शिवी दिसली की पोस्ट काढायची, हा नियमही माझाच.

गेल्या आठवड्यात सायखेड्याच्या पुष्पाबाईंनी हिरव्या झाकणाच्या बाटलीचा फोटो टाकला. हे औषध फवारलं आणि झेंडू जळाला, असं लिहिलं. आणि पुढे दुकानदाराच्या बायकोवर घाणेरड्या शिव्या. तिचा काय दोष? ती मला फोन करून रडली. मी पाच मिनिटांत पोस्ट उडवली. बरोबरच केलं. केलं ना?

पुष्पाबाई तडकल्या होत्या, "लय गोड लिहिलं असतं तर वाचलं असतं का कोणी?" मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. शिव्या गाळून पुन्हा टाका, एवढं तरी म्हणायचं! तेही सुचलं नाही मला.

आज शेजारच्या विलासभाऊंच्या मळ्यात गेले. दसऱ्याच्या बेतानं लावलेला झेंडू, सगळा करपलेला. बांधावर तसलीच बाटली, तेच हिरवं झाकण. चार दिवसांपूर्वी आणली म्हणे. म्हणजे मी पोस्ट काढल्यानंतर.

त्या शिव्या ठेवण्यासारख्या नव्हत्याच. आजही काढीन. पण मग हे झाकण डोळ्यांसमोरून का हलत नाही?

भाऊ म्हणाले, "ताई, तुम्ही तर ग्रुप सांभाळता. या औषधाबद्दल कोणीच काही बोललं नाही का हो?"

मी म्हणाले, "नाही."