खुर्ची भिंतीकडे

सोमवार, ९ तारीख
संध्याकाळ

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची आपल्या घरची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं नाही. फोनवर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पूर्ण वाचल्याशिवाय बाजूला ठेवू नकोस.

काल रात्री तुझा तो लांबलचक मेसेज आला. टीव्हीवर हॉकीची मॅच बघितलीस, आपली टीम पुन्हा हरली, आणि सगळा दोष गोलकीपरचा. 'चाळण' म्हणतोस त्याला. "आपला तुफान एकटा काय काय करणार?" असंही विचारतोस. सांगते, ऐक.

तिसरा गोल आठव. तुफानने एकामागून एक गडी चकवले, टाळ्या घेतल्या. शेजारी आपला माणूस मोकळा होता, त्याला पास द्यायचा सोडून स्वतःच घुसला आणि बॉल घालवून बसला. मग काय केलं? कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मागे पळायचं नाव नाही! ते लोक झुंडीने आपल्या गोलवर चालून आले, आणि अडवायला एकटी ती चाळण. पहिला फटका त्याने पॅडवर घेतला. बॉल उसळून परत त्यांच्याकडेच गेला, तो हाताने अडवला. पुढचा आडवं पडून स्टिकने बाहेर ढकलला. तो उठायच्या आत पुन्हा फटका बसला आणि बॉल आत गेला. तुम्ही तेवढाच मोजलात. आधीचे कुणाच्या हिशेबात नाहीत.

आज दुकानातही ह्यावरूनच जुंपली. बेकरीवाला चष्म्याची काडी बसवून घ्यायला आला होता आणि औषधवाला नेहमीसारखा उगाच आला होता. बेकरीवाला म्हणाला, "त्या गोलकीपरला आधी घरी बसवा. माझी आजी उभी केली तरी एवढे गोल जायचे नाहीत."

"आणि तुमचा तुफान?" औषधवाला म्हणाला. "केस विस्कटतील म्हणून मागे येत नाही तो."

"अहो, तो आहे म्हणून टीम आहे!"

मी काच घासत होते. राहवलं नाही. म्हटलं, "तो रोज प्रॅक्टिसला तरी येतो का? की टाळ्या वाजायच्या दिवशीच उगवतो?" माझा आवाज भलताच चढला होता. मालक म्हणाले, "तुम्ही जरा चहा घ्या." हातातली काच वाया गेली होती. तुफानवर कुणी एवढं चिडतं का? मी चिडले.

आता आईचं. हाड जुळलंय. डॉक्टर म्हणतात, आता उभं करायलाच हवं, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील. आणि ती उभी राहत नाही. व्यायाम शिकवणारी बाई येते, आई तिला गोड बोलून "उद्या" म्हणते आणि वाटेला लावते. मी विनवते, ओरडते, मग बाहेर जाऊन रडते. "बंडू आला की उभी राहीन" एवढंच तिचं पालुपद. हे तुला कितीदा कळवलं. तुझं उत्तर ठरलेलं, सुट्टी मिळत नाही. आणि वर मलाच विचारतोस, "ताई, ती पडली तेव्हा तुझं लक्ष कुठे होतं?"

ह्याचं उत्तर आजवर दिलं नाही. आईने शपथ घातली होती. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून सांग, म्हणाली. तेच सांगितलं. आज शपथ मोडते.

त्या दिवशी मॅच होती. मध्यंतरात तुझा फोन आला. गोलकीपरचा राग आला की मैदानाकडे पाठ करून बसायची ती स्टेडियममधल्या पूर्वेच्या बाकांवरची रीत तूच सुरू केलीस, आणि घरी आईलाही तिचा नाद लावलास. गोल गेला की तिची खुर्ची भिंतीकडे फिरवायची आणि तिने खुदकन हसायचं. पण तेव्हा तू इथे होतास आणि खुर्ची तू फिरवायचास. त्या दिवशी तू फोनवर म्हणालास, "आई, आता एक जरी गोल गेला तरी खुर्ची फिरवायची. सोडायचं नाही त्याला!" फोन स्पीकरवर होता, मी ऐकलं. नंतर मी स्वयंपाकघरात तिचं दूध गरम करायला गेले. गोल गेला. ती एकटी उठली. ती जड लाकडी खुर्ची तिने फिरवलीसुद्धा. मग पडली.

माझं लक्ष दुधावर होतं, बंडू.

"त्याला सांगू नकोस, जन्मभर मनाला लावून घेईल." जमिनीवर पडल्या पडल्या हे म्हणाली ती. हाड मोडलेलं आणि काळजी तुझी. मी तोंड शिवलं. तू दोष देत गेलास, मी घेत गेले. पुढेही घेतला असता.

पण काल आम्ही दोघी मॅच बघत होतो. तिला उशांना टेकवून बसवलं होतं. शेवटचा गोल गेला आणि टीव्हीवर पूर्वेची बाकं दाखवली. सगळ्यांच्या पाठी. मधोमध निळा स्वेटर, डाव्या खांद्यावर वीण चुकलेली. आई ती उसवून पुन्हा घालणार होती, तूच थांबवलंस, राहू दे म्हणालास. मी रिमोट शोधायला लागले. उशीर झाला होता.

"बंडू वाटतं," आई म्हणाली. मग, "दमला असेल गं. गाडी चुकेल म्हणून गेला असेल तसाच."

स्टेडियमपासून आपलं घर किती जवळ आहे, ते तुला मी सांगायला नको. गोल गेल्यावरचा गलका इथे खिडकीत ऐकू येतो. आणि रात्री तू मला लिहितोस, टीव्हीवर बघितलं! अरे, खोटं बोलायचं होतं तर स्वेटर तरी दुसरा घालायचास. आणि गोलकीपरला कुठल्या तोंडाने नावं ठेवतोस रे? तो हरत असला तरी जागेवर असतो.

तिला अशी पडलेली बघायची भीती वाटते का तुला? मलाही वाटते. मी रोज बघते.

खुर्ची अजून तशीच भिंतीकडे तोंड करून आहे. आई दवाखान्यातून घरी आली तेव्हा मी ती सरळ करायला गेले, तर ओरडली, "राहू दे, बंडू करेल." तेव्हापासून मी तिच्या चारी बाजूंनी झाडते, तिला हात लावत नाही. काल मॅच संपल्यावर टीव्ही बंद केला, तर आई हळूच म्हणाली, "अगं, ती खुर्ची सरळ कर आता."

मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि बाहेर गेले.

ह्या शनिवारपर्यंत ती तशीच ठेवते. तिने पुन्हा सांगितलं तर तोवर काहीतरी सबब काढीन. रविवारी मात्र मी ती सरळ करणार, आणि त्यानंतर ह्या घरात तुझी वाट कुणी बघणार नाही.

अजून तरी तुझीच,
ताई